सहजीवन शिकवायचंय? आधी मुलांना देण्याघेण्याचा हिशोब मांडू द्या

मी पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. ‘सहजीवन’ हा भाग घ्यायला लागले की दरवर्षी पहिल्या तासाला एकच गोष्ट होते. फळ्यावर शब्द लिहिला की मागच्या बाकांवर खुसखुस सुरू होते, कारण मुलांनी हा शब्द लग्नाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर वाचलेला असतो, ‘सहजीवनाची पंचवीस वर्षं’ वगैरे. म्हणजे त्यांच्या डोक्यात सहजीवन म्हणजे गोडीगुलाबीने एकत्र राहणं. आणि आपण दुसऱ्याच वाक्यात सांगतो की गाय आणि गोचीड हेसुद्धा सहजीवनच. मुलं वाद घालत नाहीत, वहीत लिहून घेतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. पटलेलं नसतं ना.

खरं तर हा शब्द ज्या अर्थाने विज्ञानात आला तो अगदी साधा आहे. अँटोन डी बारी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये वेगवेगळ्या जातींच्या सजीवांनी एकमेकांना चिकटून, बरोबर राहणं एवढ्याच अर्थाने तो वापरला. त्यात फायदा कोणाचा, तोटा कोणाचा हे आधीच ठरलेलं नव्हतं, परजीवीसुद्धा त्यात धरलेले होते. मला वाटतं आपण शिकवताना नेमकं इथेच चुकतो, आधी तीन प्रकारांची नावं देतो आणि मग प्रत्येकाखाली एकेक उदाहरण चिकटवतो, ते पण क्लाऊन मासा आणि समुद्रफुलाचं, जे पुण्यातल्या मुलाने फक्त कार्टूनमध्ये बघितलंय. त्याऐवजी मुलांनी आधी बघावं, हिशोब मांडावा, आणि नावं सगळ्यात शेवटी द्यावीत असं मी करते. याला पाच-सहा आठवडे लागतात, पण जादा तास फार लागत नाहीत, कारण बरंचसं काम झाडं आणि किडे आपापलं करत असतात.

वही: चार रकाने, त्यातला चौथा सगळ्यात महत्त्वाचा

पहिल्या दिवशी पाठ्यपुस्तक उघडायचंच नाही. वहीच्या मागच्या बाजूला आडवं पान घेऊन चार रकाने आखायला सांगायचं. कोण आणि कोण, कोणाला काय मिळतं, त्यासाठी कोणाचं काय जातं, आणि चौथा म्हणजे ‘हे मला कशावरून कळलं’. चौथ्या रकान्यात ‘पुस्तकात आहे’ किंवा ‘बाईंनी सांगितलं’ लिहायला परवानगी आहे, पण मग तिथे पेन्सिलने लिहायचं. स्वतः बघितलेलं पेनने. एवढ्या साध्या नियमाने वर्गात काय फरक पडतो ते करून बघाच. काही दिवसांनी मुलं आपणहून येऊन सांगतात, बाई माझं एक पेन्सिलचं पेन झालं.

आणि ‘कळलं नाही’ लिहायला मुभा द्यायचीच. मोकळ्या रकान्याचे मार्क कापायचे नाहीत.

पहिल्याच दिवशी मूग पेरा

याला चार आठवडे लागतात म्हणून हे सगळ्यात आधी. जून अखेर किंवा जुलैचा पहिला आठवडा उत्तम. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुवून घ्या, खाली चार भोकं पाडा. किराणा दुकानातले साधे मूग चालतात, फक्त औषध लावलेलं बियाणं नको. प्रत्येक गटाला तीन पिशव्या.

पहिल्या पिशवीत शाळेच्या वाफ्यातली साधी माती. दुसऱ्यात तीच माती, पण शिजवलेली. म्हणजे ओलसर करून डब्यात भरायची आणि कुकरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवायची, दुसऱ्या दिवशी परत एकदा. कुकर जुना, स्वयंपाकाला न वापरण्यातला घ्या, आणि हे काम तुम्ही स्वतः करा, मुलांकडे देऊ नका. तिसऱ्या पिशवीत पहिल्यासारखीच साधी माती, पण तिला आठवड्यातून एकदा युरियाचं पाणी, एक लिटर पाण्यात अर्धा चमचा युरिया विरघळवून त्यातलं अर्धी वाटी. बाकी ऊन, पाणी, जागा सगळं सारखं. शिजवलेल्या मातीच्या पिशव्या जरा लांब ठेवा आणि त्यांना उकळून गार केलेलं पाणी घाला, कारण शेजारच्या पिशवीतली माती पावसाने उडून आत पडली तरी जिवाणू पोचतात आणि मग तिथेही थोड्या गाठी दिसतात.

चार आठवड्यांनी रोपं काढायची. इथे माझी पहिल्या वर्षी मोठी चूक झाली, मी मुलांना सांगितलं उपटा, आणि चाळीस मुलांनी चाळीस रोपं उपटली. मुळं तुटली, गाठी सगळ्या मातीतच राहिल्या, आणि महिनाभर पाणी घालणाऱ्या मुलांच्या हातात नुसती पांढरी तुटकी मुळं. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून आम्ही पिशवी ब्लेडने कापतो, मातीचा गड्डा तसाच बादलीतल्या पाण्यात ठेवतो, दहा मिनिटं हात लावायचा नाही, मग हलकेच हलवून माती सुटू द्यायची.

आता बघा काय दिसतं ते. साध्या मातीतल्या रोपाच्या मुळांना मोहरीएवढे, काही त्याहून मोठे गोल मणी लागलेले असतात. त्यातला एक मोठासा मणी नखाने किंवा ब्लेडने अर्धा करा. आतून गुलाबी. अगदी मांसासारखा गुलाबी! हा क्षण मी दरवर्षी बघते आणि दरवर्षी वर्ग शांत होतो. झाडात रक्त कसं, हा प्रश्न कोणीतरी विचारतंच. तो रंग लेगहिमोग्लोबिनचा असतो, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा नातेवाईक. गाठीत राहणारे रायझोबियम गटातले जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात, पण त्यांचं हे काम ज्या विकरामुळे (एन्झाइममुळे) होतं ते ऑक्सिजन लागला की बिघडतं, म्हणून हे गुलाबी द्रव्य ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूंना श्वासापुरता मोजून देतं. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, झाड त्यात उभं आहे, आणि तरी त्याला तो स्वतःहून घेता येत नाही, ही गोष्ट इथे सांगायची, आधी नाही. गुलाबी रंग बघितल्यावर ती लक्षात राहते.

गाठ आतून पांढरी असली तर ती अजून कामाला लागलेली नाही, हिरवट-तपकिरी असली तर तिचं काम संपलं.

शिजवलेल्या मातीत गाठी नाहीत किंवा अगदी तुरळक. हे मुलांना अपेक्षित असतं. पण युरियावाल्या पिशवीतलं रोप हिरवंगार, जोमदार आणि त्याच्या मुळांना गाठी मात्र कमी! इथे थांबा. उत्तर सांगू नका, वहीतला तिसरा रकाना परत वाचायला सांगा. झाडाचं काय जातं? साखर. जिवाणूंना पोसायला झाड स्वतः बनवलेली साखर देतं. मग नायट्रोजन आयता मिळत असेल तर साखर कशाला द्यायची? आमच्या वर्गात हे उत्तर एका मुलाने दिलं ज्याच्या घरचं पोळीभाजी केंद्र आहे, तो म्हणाला, बाई, घरी डबा आला तर बाहेरून कोण मागवेल. त्याहून चांगलं मला समजावता आलं नसतं. हे नातं कायमचं ‘दोघांचा फायदा’ असं शिक्का मारलेलं नाही, परिस्थिती बदलली की हिशोब बदलतो, हे त्या वर्गाला सातवीतच कळलं.

जमलं तर एक जादा गोष्ट करा. कुंडीतलं एखादं मरगळलेलं टोमॅटोचं झाड शोधा, बऱ्याचदा त्याच्याही मुळांना गाठी असतात, पण त्या सूत्रकृमीच्या, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींच्या. दोन्ही मुळं शेजारी ठेवून मुलांना विचारा, चांगली गाठ कुठली आणि त्रासाची कुठली. मुगाची गाठ मुळाच्या बाजूला मण्यासारखी लागलेली असते, बोटाने सहज निघते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेलं असतं, ते वेगळं काढता येत नाही. वरून दोन्ही ‘गाठ’च, पण एकात देवाणघेवाण आहे, दुसऱ्यात नुसती घेव.

उंबराचं फूल खरंच दाखवा

मूग वाढत असताना मधल्या आठवड्यात उंबर घ्या. पुण्यात उंबर शोधायला लांब जावं लागत नाही, दत्ताच्या देवळाशी असतोच. देवळाचं झाड असेल तर आधी विचारा, आणि खाली पडलेलीच फळं उचला. मुलांना आधी विचारा ‘उंबराचं फूल’ म्हणजे काय. घरी आजी म्हणते तेच सांगतील, क्वचित दिसणारा माणूस. मग विचारा, पण खरंच उंबराला फूल कोणी बघितलंय का?

कच्चं हिरवं उंबर उभं कापा आणि भिंग द्या. आत शेकडो बारीक फुलं, आतल्या बाजूला तोंड करून बसलेली. म्हणजे आपण ज्याला फळ म्हणतो ती फुलांनी भरलेली बंद थैली आहे, आणि म्हणून फूल कोणाला दिसत नाही. टोकाला एक बारीक छिद्र असतं, ते खवल्यांनी जवळजवळ बंद. त्यातून मिलिमीटर-दोन मिलिमीटरची एक गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली मादी आत घुसते, घुसताना तिचे पंख तुटतात, बाहेर पडायचा रस्ता तिला नाही. आत ती दुसऱ्या उंबरातून आणलेले पराग फुलांवर टाकते, काही फुलांमध्ये अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले नर आधी बाहेर येतात, त्यांना पंखच नसतात, ते माद्यांशी मीलन करतात, उंबराच्या भिंतीला बोगदा पाडतात आणि बहुतेक तिथेच संपतात. त्यांच्या बोगद्यातून माद्या पराग घेऊन उडून जातात. आपल्या उंबराला पराग नेणारी ही जात ठरलेली आहे, तिचं नाव सेराटोसोलेन फ्युसिसेप्स. मुलांना नाव पाठ करायला लावू नका, पण एकदा मोठ्याने म्हणायला लावा, त्यांना मजा वाटते.

हे नुसतं सांगायचं नाही, दाखवायचं. जी फळं लाल व्हायच्या बेताला आहेत पण अजून पूर्ण लाल नाहीत, दाबली तर जरा मऊ लागतात, अशी तीन-चार काचेच्या बरणीत ठेवा आणि तोंडाला मलमलचं फडकं बांधा. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेवर बारीक काळपट ठिपके चालत असतील, तीच ती केंबरं, म्हणजे उंबरातल्या या बारीक माश्या. पूर्ण लाल झालेली घेतली तर उपयोग नाही, त्यातून ती आधीच उडून गेलेली असतात आणि आत मुंग्याबिंग्या सापडतात. एखाद्या बरणीत लांब शेपटीसारखी सोंड असलेल्या माश्या निघाल्या तर तुमचं नशीब, ती शेपटी म्हणजे अंडी घालायची नळी, या माश्या बाहेरूनच उंबरात नळी खुपसून अंडी घालतात आणि पराग नेण्याचं काम करत नाहीत. म्हणजे दोघांच्या चाललेल्या व्यवहारात फुकट बसलेला तिसरा. वहीत याची वेगळी ओळ करायला सांगा.

आणि हा प्रश्न येणार, तयारीत राहा. ‘बाई, मग अंजिरात पण किडा असतो का?’ आमच्याकडे शाकाहारी घरातली, जैन घरातली मुलं आहेत, त्यांच्यासाठी हा गमतीचा प्रश्न नसतो. सरळ सांगा, सासवड-पुरंदरकडचं जे अंजीर आपण खातो त्या जातीला फळ धरायला परागीभवन लागतच नाही, त्यामुळे या माशीचीही गरज नाही. उंबराची गोष्ट वेगळी.

बांडगूळ: शिवी बाजूला ठेवून बघा

आता तोटा करणारं उदाहरण. मी पूर्वी इथे उवांचं उदाहरण द्यायचे, सगळ्यांना माहीत असतं म्हणून. एकदा बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीने मान खाली घातलीये आणि शेजारची मुलगी सरकून बसलीये. त्या दिवसानंतर वर्गात उवा, जंत, खरूज यांची उदाहरणं मी कधीच पहिली देत नाही. जी गोष्ट वर्गातल्या कोणाच्या तरी अंगावर असू शकते तिच्यापासून परजीवी शिकवायला सुरुवात करू नका, कृपया.

आंब्यावरचं बांडगूळ घ्या. पुण्यात जुन्या सोसायट्यांमधल्या, बंगल्यांमधल्या आंब्यांवर ते भरपूर आहे. लांबून ओळखायची खूण म्हणजे आंब्याच्या गडद पानांत वेगळ्याच फिकट, जाडसर पानांचा झुपका आणि जिथे ते फांदीला चिकटलंय तिथे मोठी गाठ. ते स्वतःची पानं स्वतः हिरवी ठेवतं, अन्न करतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीत मुळं घुसवून घेतं, म्हणून त्याला अर्धपरजीवी म्हणतात. याच्या शेजारी अमरवेल दाखवा, पिवळ्या शेवयांसारखी, तिला हिरवी पानंच नाहीत, ती सगळंच दुसऱ्याचं घेते. आणि मग त्याच किंवा दुसऱ्या आंब्यावर आमरी (ऑर्किड) मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण ती पण फांदीवरच बसलेली असते पण मुळं आत घुसवत नाही, नुसती सालीला धरून लोंबकळत ठेवते, पावसाचं आणि हवेतलं पाणी घेते. झाडाकडून तिला फक्त उंच जागा. तिघींना एकाच रांगेत ठेवून विचारा, मुळं कुठे गेलीयेत? एवढा एक प्रश्न पुरतो.

आपल्या भाषेत बांडगूळ ही शिवी आहे, आयत्या बिळावरचा नागोबा तसा हा फुकटखाऊ. मुलं लगेच बांडगुळावर चिडतात, तोडून टाका म्हणतात. आंब्याच्या मालकाने तोडावंच, त्याचं नुकसान होतं. पण हिशोब एवढ्यावर थांबत नाही. बांडगुळाच्या नळीसारख्या फुलांवर शिंजीर येतात, फळं फुलटोचे खातात आणि चिकट बी चोचीवरून किंवा शिटेतून दुसऱ्या फांदीवर पुसून टाकतात, तिथे नवं बांडगूळ उगवतं. आणि पुण्यात सगळीकडे दिसणारं ते पिवळं-लाल ठिपक्यांचं हळदीकुंकू फुलपाखरू, त्याच्या अळ्या बांडगुळाची पानं खाऊन वाढतात. म्हणजे आंब्याशी नातं तोट्याचं, शिंजिराशी फायद्याचं, झाड एकच. वहीत बांडगुळाच्या चार वेगळ्या ओळी होतात. ‘बांडगूळ परजीवी आहे’ हे वाक्य अर्धवट आहे हे मुलांना इथे कळतं, कोणाचं परजीवी ते सांगावं लागतं.

चंदनसुद्धा यातच येतो हे सांगितल्यावर मोठी माणसंही चकित होतात. पुण्यात आवारातून चंदन चोरीला गेल्याची बातमी अधूनमधून येतेच, पण तेच चंदन जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना मुळं जोडून पाणी आणि क्षार घेत असतं, म्हणून चंदन लावणारे शेतकरी त्याच्या बाजूला तूर लावतात.

जास्वंदीवरच्या मुंग्या

हे प्रत्येक सोसायटीत आहे. जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा चवळी-वालाच्या कोवळ्या शेंड्यावर काळा मावा, आणि त्यात वरखाली करणाऱ्या मुंग्या. भिंग घेऊन पाच मिनिटं एकाच मुंगीवर नजर ठेवायची. ती माव्याला मिशांनी थोपटते आणि मावा मागून गोड थेंब सोडतो, मुंगी तो पिते. ज्या मुलाच्या घरी म्हैस आहे ते मूल लगेच धार काढण्याचं नाव काढतं.

त्या बदल्यात मुंग्या काय करतात ते तपासायला एक प्रयोग. एकाच झाडाच्या दोन सारख्या फांद्या निवडा, दोन्हींवर मावा हवा. एकीच्या बुडाशी बोटभर रुंद व्हॅसलिनचा पट्टा लावा, मुंग्या वर जाऊ शकत नाहीत. त्या फांदीचं एकही पान दुसऱ्या फांदीला किंवा भिंतीला टेकत नाही ना ते बघा, नाहीतर मुंग्या पुलावरून येतात, त्यांना रस्ता बरोबर सापडतो. आधीच वर असलेल्या मुंग्या झटकून टाका. रोज एकाच वेळी दोन्हीकडचा मावा मोजा, निदान अंदाजे. मुंग्या नसलेल्या फांदीवर ठिपक्यांचे लेडीबर्ड भुंगे आणि त्यांच्या अळ्या येऊन मावा खायला लागल्या तर आठवड्यात फरक दिसतो. दर वेळी दिसेलच असं नाही, पाऊस जोराचा झाला तर मावाच धुऊन जातो, आणि ते पण वहीत तसंच लिहायचं.

इथे खरी चर्चा तिसऱ्याची आहे. मुंगीचा फायदा, माव्याचा फायदा, आणि जास्वंद? तिचा रस जातोय. दोघांची दोस्ती तिसऱ्याच्या जिवावर. हे मुलं फार पटकन आपल्या आयुष्याला लावतात, लावू द्या, फक्त परत झाडाकडे आणा.

म्हैस, बगळा आणि शून्य

एकाला फायदा आणि दुसऱ्याला काहीच नाही, हा प्रकार शिकवायला सगळ्यात अवघड आहे, कारण ‘काहीच नाही’ हे सिद्ध कसं करणार? गायबगळे म्हशीच्या पायाशी चालतात, ती चरताना गवतातले नाकतोडे उडतात ते टिपतात. पुस्तकात हे सहभोजितेचं उदाहरण. आम्ही ज्या मुलांच्या घराजवळ गोठा आहे किंवा नदीकाठी म्हशी चरतात त्यांना काम देतो, दहा मिनिटं एकच बगळा बघायचा आणि प्रत्येक टिपण्याला काडी मारायची, जमिनीवरून टिपलं की म्हशीच्या अंगावरून. अंगावरची माशी किंवा गोचीड टिपली तर म्हशीच्या रकान्यात शून्य राहत नाही. मुलं वेगवेगळे आकडे आणतात आणि मग वर्गात भांडण होतं, ते होऊ द्यायचं, माझ्या मते हाच या धड्यातला सगळ्यात वैज्ञानिक तास असतो.

वारुळाचंही तसंच. नाग वारूळ बांधत नाही, वाळवी बांधते, नाग त्यात आयता राहतो, मग वाळवीच्या रकान्यात काय लिहायचं? नागपंचमीच्या आठवड्यात हे घेतलं की आपोआप लक्षात राहतं. आणि वारुळाच्या आत खरं नवल आहे. आपल्याकडची वारूळ बांधणारी वाळवी वाळलेली पानं-लाकूड आत नेऊन त्यावर एक ठराविक बुरशी पिकवते आणि ती खाते, ही तिची शेती. पावसाळ्यात त्याच बुरशीची छत्री वारुळावर किंवा त्याच्या आसपास उगवते. वेताळ टेकडीवर वारुळं आहेत, ऑगस्टमध्ये सकाळी सातला मुलांना घेऊन जा, पालकांची सही, दोन शिक्षक आणि पायात बूट एवढं हवंच. वारुळात काठी कोणी घालायची नाही, बिळाजवळ हात न्यायचा नाही, कुठलीही छत्री तोडायची-चाखायची नाही, रुईचा चीक डोळ्याला लागू द्यायचा नाही. टेकडीवर ग्लिरिसिडिया दिसला की थांबून विचारा याच्या शेंगा कोणासारख्या, शेंगांवरून मुगाचं कुळ ओळखलं तर मुळाशी काय असणार ते मुलं स्वतः सांगतात.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल

परत येताना झाडाच्या सालीवरचे राखाडी-हिरवट पापुद्रे बघा, हे दगडफूल, म्हणजे बुरशी आणि शेवाळ यांची जोडी. त्यावर स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा आणि मिनिटभर थांबा, राखाडी रंग हिरवा होतो. वरचा थर ओला झाला की आतलं शेवाळ दिसायला लागतं. बुरशी घर देते, पाणी धरते, शेवाळ अन्न करतं. खरवडायचं नाही, हे वर्षाला काही मिलिमीटरच वाढतं. हातात घेऊन बघायला स्वयंपाकघरातलं दगडफूल आणायला सांगा, वरून राखाडी, खालून काळं. आपण गोडा मसाला म्हणून जे खातो त्यात एक जोडगोळी आहे हे घरी जाऊन सांगताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत दगडफुलांच्या नमुन्यांचा मोठा संग्रह आहे हेही सांगा, आपल्या शहरात कोणीतरी आयुष्यभर हेच बघत बसलंय हे मुलांना कळायला हवं.

चिंचोक्यांचा खेळ

मुगाच्या गाठी बघून झाल्यावर एक तास खेळाला द्या. जोड्या करा, एक मूल मूग, एक जिवाणू. पांढरे वाल म्हणजे साखर, चिंचोके म्हणजे नायट्रोजन. प्रत्येक फेरीत मुगाला ६ वाल मिळतात, जिवाणूला ३ चिंचोके. जगायला मुगाला ३ वाल आणि १ चिंचोका लागतो, जिवाणूला २ वाल आणि १ चिंचोका. उरलेलं पुढच्या फेरीत नेता येत नाही. दोन फेऱ्या नुसता सौदा करू द्या, भाव त्यांचा त्यांना ठरवू द्या. तिसऱ्या फेरीत जाहीर करा, मालकाने युरिया टाकला, मुगाला १ चिंचोका फुकट. बघा किती मूग सौदा बंद करतात. चौथ्या फेरीत युरिया बंद आणि एक मूल अमरवेल होऊन प्रत्येक मुगाचे २ वाल उचलून नेतं. मुगाकडे स्वतःला ठेवून १च वाल उरतो आणि जिवाणू उपाशी. अमरवेलीने जिवाणूला हातसुद्धा लावलेला नाही, तरी तो गेला. या फेरीनंतर खेळ थांबवून मुलांना पाच मिनिटं लिहायला द्या. आणि एक दुरुस्ती आवर्जून सांगा, खरा रायझोबियम मातीत एकटाही जगू शकतो, खेळातल्यासारखा लगेच मरत नाही.

आता नावं

सगळी पानं भरली की मगच फळ्यावर तीन शब्द. सहोपकारिता, काही पुस्तकांत परस्परोपकारिता, दोघांचा फायदा. सहभोजिता, एकाचा फायदा, दुसऱ्याला फरक नाही. परजीविता, एकाचा फायदा, दुसऱ्याचा तोटा. मुलं आपल्याच वहीतल्या ओळींवर रंगीत पेनने खुणा करतात, आणि कुठे दोन रंग लागतात ते त्यांनाच सापडतं. एक सावध सूचना, कोणीतरी ‘दूध आणि विरजण’ म्हणेल. चूक म्हणून सोडून देऊ नका, विचारा दूध जिवंत आहे का. मग तिथून पोटात जा, आपल्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आहेत, आपल्या स्वतःच्या पेशी साधारण ३० लाख कोटी, आणि आतड्यातले काही जिवाणू आपल्याला के जीवनसत्त्व करून देतात.

कोकीळ-कावळा मी यानंतर परीक्षेला ठेवते. एवढीच माहिती द्यायची की कोकिळेची मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा पिल्लाला भरवतो, आणि मग विचारायचं, चारही रकाने भरा आणि चौथ्यात लिहा की खात्री करायला तुम्ही काय बघाल. एका मुलीने लिहिलं होतं, ‘कोकिळेचं पिल्लू असलेल्या आणि नसलेल्या घरट्यातून कावळ्याची किती पिल्लं उडून गेली ते मोजीन.’ मी तिला पैकीच्या पैकी दिले.

मुगाची काढलेली रोपं टाकून देत नाही. गाठींसकट, मुळांसकट शाळेच्या वाफ्यात पुरतो, वर माती ओढतो, आणि पंधरा-वीस दिवसांनी तिथेच पालक पेरतो.